गव्हावाचून वऱ्हाड

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ आणि मलकापूर मागे टाकते, तशी खिडकीबाहेरची माती काळी होऊ लागते. पावसाळा सरत असताना आपण या वाटेने गेलात, तर कापूस, तूर आणि सोयाबीन यांचे पट्टे एकामागून एक सरकताना दिसतील. ज्वारी मात्र डोळ्यांनी शोधावी लागेल. चार-पाच दशकांपूर्वी कापसाच्या जोडीला ज्वारी हेच वऱ्हाडचे मुख्य पीक होते. माणूस आत शिरला तर दिसेनासा व्हावा इतकी ती उंच वाढे. पुढे सोयाबीन आले, रानडुकरांचा उपद्रव वाढला, कापणी-मळणीला माणसे मिळेनाशी झाली, ऐन दाणा भरताना पाऊस लागला की कणसे काळी पडू लागली. कडबा खाणारे बैलही गोठ्यांतून कमी झाले. ही माहिती शेतीविषयक मासिकात शोभावी अशी आहे, हे खरे. परंतु आरोग्याच्या पाक्षिकात ती मुद्दाम देत आहे. ज्याला गहू आयुष्यभरासाठी वर्ज्य झाला आहे, त्याच्यासाठी या पिकाचे असणे-नसणे हा थेट पथ्याचा प्रश्न आहे.

सीलिॲक हा विकार आता आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आला असेल. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. मळलेली कणीक लवचिक होते, पोळी ताणली तरी तुटत नाही, पाव फुगतो, हे सारे त्याचेच काम. काही माणसांत मात्र हे प्रथिन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेतात ते हेच. ते झिजून सपाट होतात आणि मग पोटभर जेवूनही अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी ही ओळखीची लक्षणे. पण कित्येकांत ती नसतातच. न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे, तोंडात वारंवार येणारे व्रण, एवढेच दिसते. ग्लूटेन पूर्णपणे आणि कायमचे वगळणे हाच यावरचा उपचार, आणि तो नेटाने केला की बहुतेकांचे आतडे भरून येते.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे कळायला तीन वर्षे लागली. जंतांचे औषध झाले, लोहाच्या बाटल्या झाल्या, ‘वाढीच्या वयात असे होतेच’ असे सांगून झाले. हा आजार पंजाब-हरियाणाकडचा, आपल्याकडे नसतो, असा समज सुशिक्षितांतही आहे. त्याला थोडा आधारही सापडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तरेत दर शंभर प्रौढांमागे एकाहून थोड्या अधिकांना, तर दक्षिणेत हजारात एकाला हा विकार आढळला. मात्र त्याच पाहणीत या विकाराचा आनुवंशिक कल दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. गहू खाण्याच्या प्रमाणात मोठी तफावत होती. आपण महाराष्ट्रात मधोमध आहोत, आणि आपल्या ताटातली भाकरी मागे सरून पोळी पुढे आली आहे. तेव्हा ‘आपल्याकडे नसतो’ हे वाक्य आता पुरेसे नाही.

शंका आली तर एक पथ्य उलटे पाळायचे असते: तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी आणि नंतर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोहोंवर निदान ठरते. आधीच गहू बंद केला तर दोन्ही फसवे निघू शकतात.

आता प्रवासाकडे वळू. पहिला थांबा शेगावचा. फलाटावर उतरताच कचोरीचा वास येतो, आणि तिची कीर्ती आपणांस ठाऊकच असेल. ती मैद्याची, आपल्या उपयोगाची नाही. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्या गजानन महाराजांचा नैवेद्य मात्र गव्हाशिवायचा आहे. माघ वद्य सप्तमीला, म्हणजे प्रकटदिनाला, वऱ्हाडातल्या घरोघरी पिठले, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची यांचे ताट वाढतात. स्टेशनावर जे मिरवते ते वर्ज्य आणि देवघरात जे ठेवतात ते पथ्याचे! पुढच्या सगळ्या प्रवासात ही उलटापालट आपली सोबत करील.

शेगावहून अकोला गाडीने अगदी जवळ. येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ मध्ये स्थापन झालेले; ज्वारीवर तेथे दीर्घकाळ संशोधन चालले आहे. परंतु सीलिॲकच्या रुग्णाने अकोल्यात पाहण्यासारखी गोष्ट विद्यापीठात नसून गल्लीतल्या चक्कीवर आहे. पाच मिनिटे तिथे उभे राहा. एका बाईचे गव्हाचे दळण संपते, लगेच दुसरीची ज्वारी त्याच तोंडात ओतली जाते. दगडांच्या फटीत, नळकांड्यात, खाली धरलेल्या कापडी बाहीत राहिलेले गव्हाचे पीठ ज्वारीबरोबर डब्यात उतरते. निरोगी माणसाला त्याचे काहीच नाही. मात्र आपल्या देशातील नियमानुसार ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते, म्हणजे चिमटीतही न मावणारे. चक्कीवरच्या पहिल्या ओंजळभर पिठातच ती मर्यादा कुठल्या कुठे मागे पडते. ‘आम्ही गहू केव्हाच सोडला, रोज भाकरीच खातो, तरी रक्त वाढत नाही’ असे सांगणाऱ्या घरांत सर्वप्रथम दळण कुठे होते ते विचारावे. सकाळी सर्वांत आधी नंबर लावणे हा उपाय अपुरा आहे; रात्रीचे पीठ यंत्रात असतेच. घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. तिची किंमत जड वाटते हे मान्य, पण वर्षभराच्या टॉनिकांचा हिशेब मांडला तर तेवढी वाटत नाही.

हेच बेसनाचे. पिठले गव्हाशिवायचे हे खरे, पण सुटे बेसन कोणत्या चक्कीवर दळले, हे दुकानदारही सांगू शकत नाही. हरभऱ्याची डाळ आणून घरी दळावी. आणि फोडणीतला हिंग! डबीतला बांधणीचा हिंग बहुधा पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. वेष्टनावरचे घटक वाचल्याशिवाय तो वापरू नये. प्रवासात तर सरळ ‘हिंगाशिवायची फोडणी’ असे सांगावे.

अकोल्याच्या खाणावळीत भाकरी मागताना आणखी एक प्रश्न विचारायचा: थापलेली की लाटलेली? ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळून, तळहाताने थापून भाकरी करावी लागते. कडेला तडे जातात. ज्याला हात नाही तो त्यात कणीक मिसळतो आणि पोळपाटावर लाटतो. दिसायला ती सुरेख, गोल आणि मऊ. आपण मात्र कडेला तडे गेलेली भाकरी मागावी.

अकोल्याहून अकोटकडे निघालात की गांधीग्रामपाशी पूर्णा नदी ओलांडावी लागते. हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे शेती बरीचशी पावसावर. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांची ही कथा. इथे पोटाचे काहीही बिघडले की पहिले बोट पाण्याकडे दाखवले जाते. पाण्याचे दोष खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे पोरगे वाळत असेल आणि घरचे ‘पाणीच वाईट’ म्हणून थांबत असतील, तर त्या खाऱ्या पाण्याआड दुसराच आजार लपलेला असू शकतो.

या पट्ट्यातल्या एका गावी नात्यातल्या लग्नाच्या निमित्ताने आमचा मुक्काम होता. भाची तेव्हा बारा वर्षांची. घरच्या आजींनी पहिल्याच दिवशी आग्रहाने पोळी वाढायला घेतली. मुलीने नम्रपणे नकार दिला आणि भाकरी आहे का विचारले. आजींचा चेहरा उतरला. “पाव्हन्याले भाकर कशी वाढू वं माय? लोक काय म्हनतीन?” वऱ्हाडात हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकाल. भाकरी घरच्यांची, पोळी पाहुण्यांची. गहू हा सणाचा, सोयऱ्यांचा, मानाचा. ज्वारी कष्टाची आणि रोजची. भाकरी वाढणे म्हणजे पाहुण्याचा मान कमी करणे, असे त्या पिढीला मनापासून वाटते. आम्ही आजार समजावून सांगितला. मग त्यांनी भाकरी केली, पण पीठ चक्कीवरचे निघाले. मुलीने त्या रात्री भात, वरण आणि वांग्याची भाजी एवढेच खाल्ले. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. सकाळी ओसरीवर जात्याची घरघर ऐकू आली. लग्नघरी हळद दळायला लागते म्हणून ते जाते घरात राहिले होते. गव्हाचा दाणा त्यात कित्येक वर्षांत पडला नव्हता. पीठ जाडेभरडे आले, भाकरी तव्यावर टाकताना दोनदा तुटली. तवाही त्यांनी राखेने घासून घेतला होता. मुलीने दीड भाकरी खाल्ली, चुनाबरोबर. (वऱ्हाडात पिठल्याला चून म्हणतात, बाहेरून आलेल्याने दचकू नये.)

त्या लग्नाच्या पंगतीत मात्र तिला काहीच खाता आले नाही, आणि याची तयारी आपणही ठेवलेली बरी. वऱ्हाडी पंगतीचा आत्मा म्हणजे रोडगे: गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. उन्हाळ्यात रसाबरोबर कुरडया, शेवया, सरगुंडे, तिन्ही गव्हाची. न्याहारीची उकडपेंडीही बहुधा कणकेचीच, जरी ती ज्वारीच्या पिठाची तितकीच चवदार होते. पंगतीत वांग्याची भाजी घ्यावी तर वाढप्याच्या हाताला रोडग्याचा चुरा. अशा ठिकाणी आधी घरून जेवून जाणे आणि ताक पिऊन येणे, यात अपमान कुणाचाच नाही.

अकोटपासून अंजनगाव सुर्जीपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागा आणि पानमळे लागतात. केळीचा या आजाराशी जुना संबंध आहे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि ती सुधारली. केळ्यात गुण आहे असे सर्वांना वाटले. खरा गुण त्या आहारात पाव नसण्याचा होता. ते उमगायला आणखी पाव शतक जावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. गव्हावर आधीपासूनच संशय असलेल्या विलेम डिके या डॉक्टरांचा तर्क त्या काळाने बळकट झाला, आणि १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहून तो मांडला. ज्वारीची बाजू पुढे २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तपासली; सीलिॲकच्या रुग्णांना ज्वारीचे पदार्थ खाऊ घातले, आणि ते बाधले नाहीत. इथल्या शेतकरणीला यात नवल वाटणार नाही, पण डॉक्टरांना पुरावा लागतो, आणि तो असलेला चांगला.

अंजनगाव तालुक्यातच शेंडगाव आहे, गाडगेबाबांचे जन्मगाव. हातातल्या गाडग्यात भाकरीचा तुकडा मागून खाणाऱ्या या माणसाने तोच तुकडा मानाचा केला, असे मला या रस्त्यावरून जाताना नेहमी वाटते.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जावे. उंची अकराशे मीटरच्या वर, हवा थंड, बाजूला कॉफीची झाडे. पर्यटक धबधबे पाहतात. आपण आठवडी बाजार पाहावा. मेळघाटातले कोरकू शेतकरी कोदो आणि कुटकी पिकवतात. बारीक राखी दाण्यांची कुटकी तांदळासारखी शिजवता येते, पेज होते, खिचडी होते, आणि तिच्यात ग्लूटेन नसते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून हीच कुटकी शहरात चकचकीत पाकिटांतून येते. पाकिटातली घ्या किंवा बाजारातली, पण अख्खी घ्या, निवडून घ्या आणि दोनदा धुवा. अख्ख्या धान्यात गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो, पिठात दिसत नाही. डोंगरावर गवळ्यांकडचे दूध आणि खवाही उत्तम मिळतो. मात्र निदान नुकतेच झाले असेल तर थोडे थांबावे. आतडे झिजलेले असताना दूध पचवणारा रस कमी पडतो. दही-ताक सोसते, दूध त्रास देते. आतडे भरून आले की पुष्कळांना दूध पुन्हा पचू लागते.

तेच तिखटाचे. हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, वर तेलाची धार हे वऱ्हाडी ताट निरोगी पोटासाठी आहे. पहिले काही महिने ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, मुगाचे वरण, मऊ भात, ज्वारीची आंबील असे चालू द्यावे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली, ही चवीला अप्रतिम आणि प्रथिनांनी भरलेली. पण पचायला जड, म्हणून तिचा मुहूर्त थोडा लांबवावा.

चिखलदऱ्याहून उतरून अमरावतीत आलात की शहराचा बाजार पुन्हा मोहात पाडतो. गिला वडा ही अमरावतीची खासियत: डाळीचा वडा, वर दही आणि तिखट-आंबट चटण्या. डाळ म्हणजे पथ्याची, असे मनात येईल. थांबा आणि कढई पाहा. त्याच तेलात समोसा तळला जात असेल तर वडा सोडून द्यावा. साबुदाणा वड्यालाही हाच नियम. एरवी उपवासाचे खाणे हा प्रवासातला मोठा आधार आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, शिंगाड्याचा शिरा यांत गहू येतच नाही. वाढपी ‘सीलिॲक’ या शब्दाने गोंधळतो. ‘उपवासाचे द्या’ म्हटले की त्याला तंतोतंत कळते. एका अर्थी आपल्या पूर्वजांनी या रुग्णांसाठी वर्षातले कितीतरी दिवस मोकळे ठेवले आहेत. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातही पुरणपोळीशेजारी ज्वारीची आंबील असते.

रेशनच्या दुकानाचा मात्र विचार व्हायला हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन रुपये किलो तांदूळ आणि दोन रुपये किलो गव्हाबरोबर एक रुपया किलोने भरडधान्याचीही तरतूद होती. प्रत्यक्षात पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडतो. ज्या मजुराच्या घरी सीलिॲकचे मूल आहे, त्याला तो गहू निरुपयोगी आणि ज्वारी बाजारभावाने. वऱ्हाडात पिकणारे धान्य वऱ्हाडातल्याच रुग्णाला महाग पडावे, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

निदान झालेल्या घरांसाठी एक सूचना उरते. आई-वडील आणि भावंडे यांचीही रक्तचाचणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. रक्ताच्या जवळच्या नात्यात हा विकार सामान्य लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. माझ्या भाचीच्या भावाची चाचणी अशीच केली, आणि तीही सकारात्मक आली. तो तर धडधाकट दिसत होता.

परतीची गाडी बडनेऱ्याहून मिळते. वाटेतले खाणे बरोबर घ्यावे: दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या, ज्वारीचे धापोडे, शेंगदाणे-गूळ आणि जवसाची चटणी. या चटणीवरून घरोघरी एक घोटाळा होतो, म्हणून स्पष्ट करतो. जव वर्ज्य, जवस नाही. जवस म्हणजे अळशी, ते तेलबी. त्यात ग्लूटेन नसते. भाजून, लसूण-तिखट घालून घरी कुटलेली चटणी डबाभर न्यावी. कुटणारा खलबत्ता तेवढा स्वच्छ असावा.